तीन सेंटिमीटरची चौकट

पहिल्या बैठकीला मी नकाशा घेऊन गेले होते.
लॅमिनेट केलेला, दोघांनी धरावा लागे एवढा.
ओढा निळा, रस्ता राखाडी, झाडं गोल हिरवी,
आणि वस्तीतली सगळी घरं एकाच रंगात,
कारण सॉफ्टवेअरमध्ये त्यांना एकच रंग होता.

सकाळी अकरा, समाजमंदिर. नऊ माणसं.
नऊही पुरुष, त्यातला एक झोपलेला.
सगळे म्हणाले, मस्त आहे मॅडम.
बाहेर नळावर भीमव्वा कळशी विसळत होती.
"अकराला कोण असतंय घरी?
मी भांड्याला, शेवंता कचऱ्याला, पोरं शाळेला.
रात्री नऊनंतर ये.
आणि तो कागद नको आणू,
त्याच्यावर चालता येत नाही."

म्हणून रात्री, आणि खडू.
पोलच्या पिवळ्या उजेडात
गल्लीवरच गल्ली काढली, एकास एक मापात.

शेवंता ओव्हाळ हातगाडी घेऊनच आली.
माझ्या रॅम्पच्या रेघेपाशी थांबली.
"रिकाम्या गाडीचा चढ वेगळा, बाई,
आणि ओला कचरा भरल्यावरचा वेगळा.
तू कुठला काढलाय?"
मी रिकाम्याचा काढला होता.

मुनीरभाईंना दिसत नाही. ते पावलं मोजतात.
दारापासून बसस्टॉपपर्यंत तीनशे अकरा,
त्यातलं दोनशे चाळिसावं उघड्या चेंबरचं,
तिथं ते डावीकडे सरकून भिंतीला हात लावतात.
भिंतीवरची ती जागा गुळगुळीत झाली आहे.
त्यांनी विचारलं, नव्या फरशीचा आवाज कसा येईल?
पाच वर्षं शिकले मी.
फरशीचा रंग, भाव, जाडी,
आवाज कुणी विचारला नव्हता.

सातवीतली तेजल मला काहीच म्हणाली नाही.
भीमव्वाच्या कानात काहीतरी बोलली
आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.
भीमव्वानं खडू उचलला,
संडासाचं दार कॅरमच्या अड्ड्याकडून फिरवलं,
ओढ्याकडं तोंड केलं, कडी खाली घेतली,
आणि वळणावर एक मोठा गोल काढला: दिवा.
कारण सांगितलं नाही.
कॅरमवाली पोरं सोंगट्यांकडं बघत राहिली.

सगळं एकमतानं झालं असं लिहायची पद्धत आहे.
तसं झालं नाही.
दत्तू लोंढे म्हणाला, म्हाताऱ्यांना कट्टा पाहिजे, कबूल,
पण माझी रिक्षा काय डोक्यावर ठेवू?
साडेअकरापर्यंत भांडण.
कुणीतरी चहा आणला, तो पिऊन पुन्हा भांडण.
पुढच्या मंगळवारीही तेच.
नकाशात त्या जागी मी प्रश्नचिन्ह काढलं आहे,
पेन्सिलनं.

सकाळी टँकर आला, चाकांनी अर्धी गल्ली पुसली.
मी टेप घेऊन पोचले तर पोरांनी
विटेच्या तुकड्यानं रेघा पुन्हा गिरवलेल्या,
जरा वाकड्या,
आणि नसलेलं एक झाड वाढवलेलं.
तेही मापात घेतलं.

ऑफिसात शेवटी चौकट भरायची असते,
कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, तीन सेंटिमीटरची.
रेखाटन कुणी केलं.
एकतीस नावं बसेनात.
अक्षर मुंगीएवढं केलं, तरी बसेनात.
मग पार्किंगमधून चार सेंटिमीटर काढून
चौकटीला दिले.
साहेबांनी चष्मा वर केला.
"ही कोण मंडळी? नोंदणी आहे का यांची?"
म्हटलं, आहे साहेब, रेशनकार्डावर.
ते हसले नाहीत. फाइल वर गेली.

अजून वरच आहे.

दरम्यान एका रविवारी लोंढेनं
नव्या बिजागऱ्या आणून जुन्या संडासाचं दार फिरवलं.
चेंबरवर कुणीतरी पत्रा टाकला,
कुणी ते विचारायचं नाही असं ठरलंय.
मुनीरभाई आता दोनशे चाळिसाव्याला सरकत नाहीत.
परवा मी मागून चालत होते.
पत्रा वाजला तसे ते थांबले,
आणि टाच आपटून
त्यांनी तो आणखी एकदा वाजवून पाहिला.